ब्रागांझा घाटातली आगगाडी

कुळे स्टेशनावर गाडी थांबली की डब्यातली मंडळी चहा शोधायला उतरतात. मी मात्र प्लॅटफॉर्मच्या शेपटीकडे चालू लागतो. तिथे पाठीमागून इंजिनं जोडण्याचं काम चाललेलं असतं. एक धक्का बसतो, साखळ्या खणखणतात, आणि थोड्या वेळाने पुढचं इंजिन ओढतं नि मागचं ढकलतं असा दोन्हीकडून जोर लावत गाडी घाटाला लागते. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्याच गाड्यांना पाठीमागे इंजिन असतं. कुडचड्याला आमचं घर आणि बेळगावला आजोळ. त्यामुळे गाडी म्हणजे कुळ्याला मागून धक्का खाऊन डोंगर चढणारी वस्तू, एवढीच माझी व्याख्या होती.

गेल्या पावसाळ्यात गोवा एक्सप्रेसने बेळगावला निघालो होतो. समोरच्या बाकावर दिल्लीकडचं एक तरुण जोडपं होतं. कुळे सोडल्यापासून दोघंही मोबाइल हातात धरून दाराशी उभी. दूधसागर आला तसा डब्यात एकच गलका झाला. धबधब्याचे तुषार खिडकीतून आत आले, पुलावरून गाडी सावकाश सरकली, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं संपून पुन्हा बोगद्याचा काळोख. जागेवर येऊन बसताना त्या मुलीने विचारलं, "अंकल, ही लाइन टुरिस्टांसाठी बांधली का हो?"

मी हसलो. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, दोन वाक्यांत हे सांगता येणार नाही. लोंढ्यापर्यंत जमेल तेवढं सांगितलं. राहिलेलं आज इथे लिहितोय. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, कुणास ठाऊक. धबधबा सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्यासमोरून जाणाऱ्या रुळांकडे मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही.

ही गोष्ट सुरू होते मिठापासून.

गोव्याचं मीठ फार जुन्या काळापासून घाटावर जात असे. लमाणांचे बैलांचे तांडे तांदूळ, धान्य घेऊन खाली उतरायचे आणि परत जाताना पाठीवर मीठ लादून न्यायचे. आगशीपासून बारदेशातल्या खाड्यांपर्यंत मिठागरं पसरलेली होती. मिठगावडे ती राखत. बांध घालायचे, दारं सांभाळायची, उन्हात पाणी आटवायचं, फळीने मीठ ओढून ढीग लावायचे. पावसाळा आला की त्याच आगरांत मासळी. असं ते चक्र होतं.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. गोव्याचं स्वस्त मीठ चोरवाटांनी घाट चढून गेलं की त्या कराला भोक पडे. पोर्तुगालची अडचण वेगळी होती. खजिना रिकामा, आणि मुरगावसारखं सुरेख नैसर्गिक बंदर असून त्याच्यामागे माल आणणारी वाटच नाही. एकाला मिठावर ताबा हवा होता, दुसऱ्याला रेल्वे. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये या दोघांत करार झाला. पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हू आणि इंग्लंडच्या बाजूने लिस्बनमधला त्यांचा वकील रॉबर्ट मोरियर हे या कराराचे शिल्पकार. करार १८८० पासून अमलात आला, मुदत बारा वर्षांची.

त्यात ठरलं काय? गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत पाडायची. गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाची सूत्रं ब्रिटिशांच्या हाती द्यायची. दारूवरच्या अबकारीची पद्धतही तिकडच्यासारखी करायची. मोबदला म्हणून ब्रिटिशांनी पोर्तुगीज सरकारला दर वर्षाला चार लाख रुपये द्यायचे. आणि मुरगाव बंदरापासून हुबळीच्या दिशेने रेल्वे बांधायची. १८८१ साली लंडनमध्ये त्यासाठी कंपनी उभी राहिली. नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. नावातला तो 'गॅरंटीड' शब्द महत्त्वाचा. कंपनीच्या भांडवलावर ठरावीक व्याज मिळेल याची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. गाडी भरून धावो वा रिकामी, लंडनच्या भागधारकाला त्याचं व्याज मिळणार. धंदा कमी झाला तर तूट सरकार भरणार. आणि सरकार म्हणजे शेवटी कोण? रयतच की!

इकडे मिठागरांवर ब्रिटिश अंमलदार आले. लहानसहान आगरं बंद पडली. उरली त्यांतलं मीठ वजन करून, मोजून, कर लावून विकलं जाऊ लागलं. ज्या गोंयकाराच्या दारात मीठ पिकत होतं त्यालाच ते महाग झालं. माड काढणाऱ्या रेंदेरांवर अबकारीचा बोजा आला. या करारावर गोव्यात उघड नाराजी होती आणि ती शेवटपर्यंत शमली नाही. आज आगशीच्या रस्त्याने जाताना उरलीसुरली मिठागरं दिसतात तेव्हा मला हटकून कुळ्याचं स्टेशन आठवतं. या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं बघणाऱ्याला वाटत नाही. पण एक बुडाली त्या काळातच दुसरी उभी राहिली, आणि दोन्हींच्या मुळाशी कागद एकच होता.

आता त्या घाटाचं बघू.

मुरगावहून निघालेला रूळ वास्को, दाभोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, सुरावली, मडगाव, चांदर करत सावर्डे-कुडचड्याला येतो. हा सारा प्रदेश सखल. भातशेती, माडांची बनं, मध्ये जुवारीच्या उपनद्या. इथवरची रेल्वे जानेवारी १८८७ मध्ये सुरू झाली. पुढे काले, मग कुळे. कुळ्यानंतर सह्याद्री समोर उभा ठाकतो. कुळ्यापासून माथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत अंतर जेमतेम सव्वीस किलोमीटर, आणि तेवढ्यात सुमारे पाचशे मीटर चढायचं. चढाचं प्रमाण सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. बैलगाडीला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्याला हा चढ फार झाला. म्हणून ती मागची इंजिनं. डझनाहून जास्त बोगदे, खोल दऱ्यांवर पूल, आणि डोंगराच्या कुशीला चिकटून जाणारी वळणं. काम पुरं होऊन मुरगाव ते कॅसलरॉक ही सुमारे ८२ किलोमीटरची वाट १८८८ मध्ये वरच्या सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. तेव्हा सगळी मार्गिका मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली.

घाटाला नाव दिलं पोर्तुगालच्या राजघराण्याचं: ब्रागांझा. ते घराणं १९१० मध्ये सिंहासनावरून गेलं. गोव्यातून पोर्तुगीज गेले १९६१ मध्ये. घाट मात्र रेल्वेच्या कागदोपत्री अजून ब्रागांझाच आहे. डोंगर फोडणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या, रानातल्या हिवतापात राहून दगड वाहणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव या वाटेवर कुठे नाही.

चढापेक्षा उतार जास्त अवघड, हे घाटातल्या रेल्वेचं गुपित आहे. चढताना फार तर गाडी थांबेल. उतरताना ब्रेक कमी पडला तर थांबणारच नाही. म्हणून या घाटात करंझोळ, दूधसागर आणि सोनावली अशी तीन स्टेशनं ठेवली. त्यांच्याजवळ मुख्य मार्गापासून फुटून वर डोंगराकडे चढत जाणारा आणि मध्येच संपणारा रूळ असतो. त्याला रेल्वेवाले कॅच सायडिंग म्हणतात. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर ती या चढावर वळते आणि आपोआप दमून थांबते. ही स्टेशनं कुठल्या गावासाठी बांधलेली नाहीतच. गाडीच्या सुरक्षेसाठी बांधली आहेत. दूधसागरच्या स्टेशनाबाहेर गाव का नाही, असं बरेचजण विचारतात. त्याचं उत्तर हे.

तर गाडी सुरू झाली आणि चारच वर्षांत, १८९२ मध्ये, तो करार संपला. मुदत वाढवण्यावर दोन्ही सरकारांचं जमलं नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. रूळ तसेच राहिले, पण आता त्यांच्या दोन टोकांना दोन नाके बसले. खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा, वर कॅसलरॉकला ब्रिटिशांचा. ज्या मालासाठी रेल्वे बांधली तो माल अपेक्षेएवढा काही येईना. १९०२ पासून ही मार्गिका चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवलं गेलं. ती कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. आमचे जुने लोक 'एम. एस. एम.' म्हणायचे ती हीच.

मालाने पाठ फिरवली, पण माणसांनी गाडीला आपलंसं केलं. मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. भागधारकांच्या हिशेबात ज्यांची गणती नव्हती ती माणसं डब्यात येऊन बसली. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला जाणारे, बेळगाव-धारवाडला शिकायला जाणारी मुलं, मराठी पुस्तकांचे गठ्ठे, नाटकमंडळ्यांचे पडदे, लग्नाची वऱ्हाडं. गोव्यातल्या मराठी माणसाचा घाटावरच्या मराठी माणसाशी संबंध देवळांतून होता, कीर्तनांतून होता, सोयरिकीतून होता. गाडीने तो एका दिवसाच्या अंतरावर आणून ठेवला.

आमची आई अशीच आली. १९५२ साली बेळगावहून लग्न होऊन कुडचड्याला. ती सांगायची, कॅसलरॉकला सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं. तपासणी झाली, पुन्हा चढवलं. कुळ्याला तेच, फक्त या वेळी भाषा कळेना. तिच्या पेटीतली समई, ताम्हन, शालू, कुंद्याचा डबा, सगळं बाहेर काढून परत भरलं. तपासणाऱ्याने समई उलटीपालटी करून पाहिली आणि काहीतरी विचारलं. सासऱ्यांनी पोर्तुगीजमधून उत्तर दिलं, तेव्हा तो हसला आणि पेटी बंद केली. "मला वाटलं, मी विलायतेलाच चाललेय," असं ती म्हणायची. बेळगाव ते कुडचडे! आज रस्त्याने चार तासांचा प्रवास.

या वाटेने माणसांबरोबर विचारही येत होते, आणि ते सरकारला डाचत होतं. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभेचा झेंडा उभारला हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लोहिया पुन्हा गोव्यात यायला निघाले, ते या गाडीने. त्यांना मडगावपर्यंत येऊच दिलं नाही. कुळे स्टेशनावरच अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. चहासाठी आपण ज्या प्लॅटफॉर्मवर उतरतो, तोच हा प्लॅटफॉर्म.

मग आलं १९५५. पंधरा ऑगस्टला हजारो सत्याग्रही चहूबाजूंनी गोव्याच्या हद्दीत शिरले. त्या वाटांपैकी एक ही रुळांची वाट होती. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. आर्थिक नाकेबंदी सुरू झाली आणि घाटातली आगगाडी थांबली. गोव्याच्या हद्दीत मुरगाव ते कुळे गाडी धावत राहिली. कुळ्यापुढे मात्र रूळ गंजू लागले.

नाकेबंदीच्या दिवसांबद्दल त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, बटाटे हॉलंडहून यायचे हे तो पहिल्यांदा सांगेल. वस्तू कशा मिळाल्या, कुठल्या देशाचा तांदूळ खाल्ला, याच्या आठवणी रंगवून सांगितल्या जातात. माणसं कशी तुटली हे फारसं कुणी सांगत नाही. आईने तरी कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं.

परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नसे. परवाना मिळाला तर नाक्यापर्यंत जाऊन मधला पट्टा सामान डोक्यावर घेऊन पायी तुडवायचा. आईच्या कडेवर माझा मोठा भाऊ, दुसरी बहीण पोटात. कोण पाठवणार तिला? बाबा म्हणायचे, होईल काहीतरी, सुरू होईल गाडी. १९५७ च्या पावसाळ्यात बेळगावचे आजोबा गेले. पत्र पोचलं तेव्हा दहावा-तेरावाही होऊन गेला होता. आईने विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि आत येऊन चूल पेटवली. शेजारच्या वहिनीने नंतर मला हे सांगितलं. त्या सांगत होत्या, संध्याकाळच्या गाडीची शिटी ऐकू आली की तुझी आई हातातलं काम टाकून परसात जाऊन उभी राहायची. ती गाडी कुळ्यापर्यंतच जाते हे तिला ठाऊक होतं. तरी उभी राहायची.

त्याच काळात घाटाच्या माथ्यावर एक वेगळी गोष्ट घडत होती. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. सुरुवातीला आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉकच्या रानातून. पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांत बातम्या. थेट डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांनी हे काम केलं. पुढे लग्न होऊन लिबियाताई सरदेसाई झाल्या आणि २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी हा योग मनाशी जुळवून पाहतो. रूळ बंद, गाडी बंद, पण ज्या डोंगरातून गाडी येत नव्हती त्याच डोंगरातून आवाज येत होता. आमच्या घरी रेडिओ नव्हता. असता तर आई परसात उभी राहण्याऐवजी त्याच्याशी बसली असती का, कोण जाणे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रूळ पुन्हा जोडले गेले, कंपनीची रेल्वे भारतीय रेल्वेची झाली. वरून गाड्या सुरू झाल्यावर आई माहेरी गेली. मी तेव्हा पोटात होतो. कुळे आलं. पेटी कुणी उघडली नाही. कॅसलरॉक आलं. तिथेही कुणी उतरवलं नाही. सवयीने तिने किल्ली कमरेतून काढून हातात धरली होती. ती तशीच मुठीत धरून ती बेळगावला उतरली, असं मामा सांगायचा.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षं आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतली आहेत. मीटर गेजची गोमंतक एक्सप्रेस, आणि मिरजेला गाडी बदलणं. पुण्याहून मिरजेपर्यंतचा मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला आणि आपला मात्र मीटर गेजच राहिला. त्यामुळे मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गोंयकाराला मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर बोचकी, फणस, नारळांची पोती, पेंगुळलेली पोरं असा सगळा संसार एका गाडीतून काढून दुसरीत घालावा लागे. हमाल ओरडायचे, बाबा नग मोजायचे. आठ, नऊ, दहा... अकरावा नग मी! मिरजेला ज्याने गाडी बदलली नाही त्याने मुंबई पाहिलीच नाही, असं आम्ही म्हणायचो.

नव्वदच्या दशकात या मार्गाचं रुंदीकरण झालं. जुने बोगदे, जुनी वळणं मोठ्या गाडीच्या मापाची करून घेणं हे काही लहान काम नव्हतं. तेवढी वर्षं घाट पुन्हा बंद राहिला. आणि हे होतंय तोवर खालून दुसरी वाट तयार झाली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. मिरज विस्मरणात गेलं. घाटातली गाडी आता बेळगाव, हुबळी, पुण्यासाठी उरली, आणि दूधसागर बघायला येणाऱ्यांसाठी. २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस' सिनेमात दूधसागर झळकला आणि मग तर रीघच लागली. पावसाळ्यात रुळांवरून चालत धबधब्याकडे जाणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली की जुलै २०२३ मध्ये अशा पर्यटकांना पोलिसांनी रुळांजवळ कान धरून उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. हसू आलं खरं. पण बोगद्यात मागून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, हे त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि आता शेवटचा प्रश्न, जो मला गेली काही वर्षं छळतोय.

मुरगाव बंदरात परदेशातून कोळसा उतरतो आणि या रुळांवरून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. हा एकेरी मार्ग दुपदरी करायचं रेल्वेने ठरवलं. घाटातला भाग भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. दुसरा रूळ म्हणजे आणखी बोगदे, आणखी डोंगरकटाई, हजारो झाडं. गोव्यात मोठा विरोध उभा राहिला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रुळांवर जाऊन बसले. पणत्या, मेणबत्त्या, घुमटं घेऊन. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

मी रेल्वेचा भक्त माणूस. माझ्या आईची सहा वर्षं ज्या गाडीअभावी कोमेजली, त्या गाडीचा आणखी एक रूळ नको असं मी म्हणावं? मित्र मला हे तोंडावर विचारतात. दुपदरी झाला तर प्रवाशांच्या गाड्याही वाढतील, बेळगावला जाणं सोपं होईल, असं ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. एकेरी मार्गावर समोरून गाडी येते म्हणून आपली गाडी तासभर रखडलेली मीही भोगली आहे.

पण मग मला १८७८ चा तो कागद आठवतो. तेव्हाही रूळ आपल्यासाठी म्हणूनच येणार होते. व्यापार वाढेल, बंदर गजबजेल, गोवा पुढे जाईल. मोबदल्यात द्यायचं होतं फक्त मीठ. ते देताना मिठगावड्याला कुणी विचारलं नाही, रेंदेराला विचारलं नाही. गाडी आपली झाली हे खरं, पण ती आपण बसून-बसून आपली केली. देणाऱ्यांनी ती तशी दिली नव्हती. या वेळी निदान विचारलं तरी जावं, आणि विचारलं नाही तर चांदरसारखं जाऊन बसावं, एवढंच मला कळतं. जंगल एकदा फोडलं की जकातीच्या भिंतीसारखं ते पुन्हा उभारता येत नाही.

हे सगळं त्या दिल्लीच्या मुलीला सांगून होईपर्यंत तिनईघाट मागे पडला होता. तिचा नवरा झोपला होता. ती मात्र ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मग तुमच्या आई नंतर बेळगावला जायच्या?"

जायची की! दरवर्षी जायची. गुडघे दुखायला लागल्यावर भाऊ म्हणाला, मोटार करू, चोर्ल्याने तीन-चार तासांत पोचू. ती म्हणायची, मला गाडीनेच न्या. शेवटचं तिला २०११ मध्ये नेलं. पाऊस मुसळधार. दूधसागराला सगळा डबा एका बाजूला गोळा झाला, तेव्हा मी तिला म्हटलं, आई, बघ ना बाहेर. तिने धबधब्याकडे एक नजर टाकली, "हो रे, छान आहे," म्हणाली आणि विचारलं, "कॅसलरॉक किती वेळात येईल?"

मी म्हटलं, येईल अर्ध्या-पाऊण तासात. का गं?

"काही नाही," ती म्हणाली. "ते गेलं की मग मी डोळे मिटते."